ही कितवी सकाळ?

"पुन्हा," काचेपलीकडून गिरिधरसर म्हणाले, आणि शर्वाणीने हेडफोन उगाचच नीट केला.

समोरच्या पडद्यावर परदेशी मालिकेतली अंतराळयानाची कप्तान परत बिछान्यातून उठली. त्या बाईच्या नशिबी तीच ती सकाळ फिरून फिरून येत होती, आणि तिला मराठीत बोलतं करायचं काम शर्वाणीचं होतं. परत आलेल्या दर सकाळी वाक्य एकच: "अरे, हे तर मघाशीच झालं!"

"पहिल्या सकाळी ती नुसती चक्रावलीय. तुम्ही चौथीचा वैताग आत्ताच काढताय," सर करवादले. "जमत नसेल तर सांगा, उद्या दुसरा आवाज बोलावतो."

शर्वाणीचं डोकं भणाणलं. मघाशी म्हटलं ते दुसऱ्या सकाळचं होतं, की पहिलीचंच फसलेलं? आणि आत्ता दिसतेय ती पुढची सकाळ, की मागचीच परत लावलीय? कप्तान उठली, तोच निळा मग उचलून थेट शर्वाणीकडेच बघत ओठ हलवायला लागली.

"ही कितवी सकाळ आहे?" शर्वाणी रडकुंडीला येऊन ओरडली.

काचेपलीकडे सर खुर्चीतून ताडकन उठले.

"वा! कप्तानच्या ओठांवर काय चपखल बसलंय! हाच गोंधळ हवा होता मला. वाक्यही हेच ठेवू. घेतलंत ना, पागे?"

रेकॉर्डिस्ट पागेंनी जीभ चावली. "मला वाटलं, बाई आपल्यालाच विचारताहेत. म्हणून मी लगेच पुसून टाकलं."

सरांनी माइक हळूच तोंडाजवळ ओढला.

"शर्वाणीबाई... पुन्हा."