ना हरकत

"मी सही करणार नाही," शिवराज म्हणाला आणि त्यानं पेन टेबलावर टाकलं.

टेबलावर स्टॅम्पपेपर होता. भगवंतरावांची दुनळी बंदूक आणि तिचं लायसन त्यांच्या मुलीच्या, त्रिवेणीच्या नावावर व्हायला मुलाची हरकत नाही, एवढंच त्यावर टाइप केलेलं होतं. खाली शिवराजच्या सहीपुरती जागा. भगवंतरावांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, बंदूक उचलली की मनगट थरथरायचं, म्हणून हयातीतच ती वारसाच्या नावावर करायची असं त्यांनी ठरवलं. वारस दोन. त्यांनी मुलगी निवडली, आणि मुलाच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

तसं ते लहानपणापासूनच दुखत होतं. त्रिवेणी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. ती दहावीला शाळेत पहिली आली तर हा दोन दिवस जेवला नाही. तिला विद्यानगरच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा यानं हातावरचा पेढा खिशात टाकला आणि बाहेर गेल्यावर कुत्र्याला घातला. आजही काही अडलं की नाना, म्हणजे भगवंतराव, आधी तिलाच फोन करायचे. हे सगळं त्यानं गिळलं होतं. पण बंदूक म्हणजे बंदूक. गावाकडे रानडुकरं हाकलायला आजोबांनी घेतलेली, आजोबांकडून नानांकडे आलेली. आता ती कोणाकडे जायची हे काय सांगायला हवं? दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर, ती टांगायला त्यानं दोन खिळेसुद्धा ठोकून ठेवले होते.

दर दसऱ्याला काचीगुड्याच्या या घरी ती कपाटातून निघायची. नाना तिला पुसायचे, तेल द्यायचे, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचे. मागच्या दसऱ्याला तर काय मजा आली होती. आतेभाऊ सौरभ शिवराजच्या बायकोच्या, शोभाच्या पुरणपोळीचं कौतुक करत होता. जरा जास्तच करत होता. आणि ती हसत होती. शिवराजनं पाटावरची बंदूक उचलली, आधी सौरभवर रोखली, मग शोभावर. "लै खुदखुदायलीस," म्हणाला. सौरभनं दोन्ही हात वर केले. सगळे हसले, नानासुद्धा. बंदूक अर्थातच रिकामी होती. तो दिवस आठवला की शिवराजला अजून बरं वाटायचं. एवढी माणसं आपल्याकडेच बघताहेत, असं त्याच्या आयुष्यात फारदा झालेलं नव्हतं.

"तू काय करणार गं अक्का बंदुकीचं?" त्यानं विचारलं. "पेपर तपासताना जवळ घेऊन बसणार?"

"काही करणार नाही. कुलपात ठेवणार."

"दुकान माझं आहे. सतरा प्रकारची माणसं येतात. उद्या कोणी घरात घुसलं तर?"

"बंदूक असलेल्या घरात चोर मरत नाहीत, शिवा. घरचेच मरतात."

"हे तुझ्या कॉलेजातल्या पोरांना शिकव. मला नको."

"सही कर," नाना म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आधी मला सांगा, माझ्यात काय कमी आहे?" शिवराजचा आवाज फाटला. पन्नाशीला आलेल्या माणसाचा आवाज असा फाटलेला बरा दिसत नाही, हे त्यालाही कळत होतं. "जन्मभर हीच. जे ते हिलाच. एकदा तरी माझं नाव घेतलं का तुम्ही?"

नानांनी त्रिवेणीकडे पाहिलं. तिनं फाइलच्या तळाचा एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला.

तो बंदूक नावावर करायचा अर्ज होता, भरून ठेवलेला पण न दिलेला. त्यावर शिवराजचा फोटो चिकटवलेला होता. अर्जदार म्हणून शिवराजचं नाव होतं, आणि खाली नानांची वेडीवाकडी सही. तारीख मागच्या दसऱ्याच्या चार दिवस आधीची.

शिवराजनं तो कागद दोनदा वाचला. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. नानांनी आपल्यालाच निवडलं होतं. अक्काला नाही, आपल्याला. मग तो आनंद तसाच्या तसा आंबला, आणि त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"मग यात विष कोणी कालवलं?"



"मी," स्वयंपाकघराच्या दारातून शोभा म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन केव्हाची तिथं उभी होती. चहावर साय धरली होती.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी इथं आले होते," ती म्हणाली. "नानांच्या पाया पडले. म्हणलं, बंदूक आमच्या घरी नक्को. ते खिळे मला रोज दिसतात."

शिवराजनं हसून बघितलं. हसू जमलं नाही.

"अगं, गंमत होती ती. रिकामी होती." त्यानं आधाराला नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेरच बघत होते. "सगळे हसले होते की. तू पण हसलीस."

"हौ," शोभा म्हणाली. "बंदूक तुमच्या हातात होती."