स्टुलाएवढी उंची

खिळा वाकला. कॉन्स्टान्सियोने तो उपटला, चिऱ्यावर ठोकून सरळ केला आणि पुन्हा त्याच भोकात मारला. या वेळी नीट गेला. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. जेसिंता गेल्यापासून त्याला बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. बायकोला माती देऊन आला त्या दिवशी त्याने पोटभर पेज घेतली होती. देवबागच्या बायका त्याच्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणून त्या काय बोलल्या असतील ते असो. खुद्द त्यालाच स्वतःची भीती वाटायला लागली होती.

तेव्हापासून कोणी काहीही विचारलं की तो ‘बरां’ म्हणायचा. मुलगी डेल्सी म्हणाली, “पप्पा, हंय एकटो कसो रवतलस? माझ्याकडे मडगावाक चल.” तो म्हणाला, “बरां.” मालवणातला एक माणूस पर्यटकांसाठी घर चालवायला मागत होता. तो सगळं घर फिरला आणि पश्चिमेच्या खिडकीशी थांबला. “इथे बसायची जागा करून द्या. पाहुण्यांना चहा घेत समुद्र बघायचा असतो. आणि घर तेवढं रिकामं करा.” यालाही कॉन्स्टान्सियो ‘बरां’च म्हणाला. सुताराच्या मागे कोण लागणार, म्हणून स्वतःच कामाला लागला.

डेल्सीने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. त्यात एक तरुण हसत हसत खिडकीखाली खोका ठोकत होता. एवढा हसत होता की काम कोण करतंय कळेना. कॉन्स्टान्सियोने तो अर्ध्यावर बंद केला. जन्मभर त्याने होड्याच दुरुस्त केल्या होत्या. ही बैठकही तशीच केली. मोडक्या होडीच्या फळ्या तासल्या, सांध्यांत कापूस ठासला, वरून राळ फासली. शेजारचा गुरुदास दारातून डोकावला आणि त्याला हसू आवरेना.

“अरे कॉन्स्टान्सियो, घरात पाणी शिरतला काय? बसाची जागा ती, दर्यात रापणीक न्हेवची नाय!”

कॉन्स्टान्सियो हसला नाही. त्याचा हातच तसा वळलेला. फळीला फळी लागली की मधून पाणी जाता कामा नये, एवढंच त्याला ठाऊक.

उंचीचं माप व्हिडिओत होतं, पण ते पुढच्या अर्ध्यात. खिडकीखाली जेसिंताचं बुटकं स्टूल अजून पडलेलं होतं. संध्याकाळी ती त्यावर बसून सुकट निवडायची. घर रिकामं करताना भांडी गेली, कपडे गेले, स्टूल तेवढं राहिलं. हाताशी होतं म्हणून त्याने दोरी धरून त्याचीच उंची घेतली.

त्याच स्टुलावरून खिडकीकडे बोट दाखवत तिने त्याला कितीदा सांगितलं होतं, “माका ह्या जनेलात बसाक बरी जागा कर रे.” तो आपला ठरलेलं उत्तर द्यायचा. “जल्मभर दर्याच बघलंस, अजून काय बघूचा रवला? तो खंय पळान जाता?”

“माका होया तां मी बघतंय,” ती म्हणायची आणि सुकटीत बोटं फिरवत राहायची. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जागा काही झाली नाही. आता होत होती, तर ती परक्यांसाठी. याचंही त्याला काही वाटलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा काम संपलं. डेल्सीने फळी पुसली आणि आधी तीच बसून बघायला गेली. लगेच उठली.

“पप्पा, चुकलां मरे! हंय बसल्यार दर्याच दिसणा नाय. उभ्यान दिसता, पण बसला की गडगो आडो येता. उंच करूक होयी.”

“बरां,” तो म्हणाला आणि कुठे चुकलं ते बघायला स्वतः बसला. गुडघे पोटाशी आले. पलीकडे कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा, आणि समुद्राचा नुसता आवाज. गडग्याच्या अलीकडे अंगणातलं उंडीचं झाड. झाडाखाली एकच चिरा, बसून बसून गुळगुळीत झालेला. तो खिडकीच्या बरोबर मधोमध येत होता. बाकी बघण्यासारखं काही नव्हतं.

चिरा त्याचा होता. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी तो त्यावर बसून फाटलेली जाळी सांधायचा. वारा तोंडावर यावा म्हणून घराकडे पाठ करून बसायचा.

कॉन्स्टान्सियो त्या चिऱ्याकडे बघत राहिला. हातोडा हातातून सुटला तेही त्याला कळलं नाही. मग त्याला रडू आलं, सगळंच्या सगळं. थेंब फळीवर पडत राहिले. सांधे पक्के होते. एकही आत गेला नाही.

“एकदा पण,” तो म्हणाला, “एकदा पण मी फाटी वळान बघूक नाय.”

डेल्सी घाबरली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काय झालां, पप्पा? उंच करूया मगे. तो माणूस उद्या येतलो, बघूक.”

“तेका सांग,” कॉन्स्टान्सियो म्हणाला, “घर रिकामां नाय.”