तोफेचा आवाज

युसूफ वडगाव या गावच्या ऊसतोड टोळीची एक रीत होती. टोळीतल्या जाणत्या सुभद्राबाईंची हाक आल्याशिवाय कारखान्याच्या गाडीत कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणून तर मुकादमाची लेक आरोही पुण्याहून ऑडिओ नाटकासाठी आवाज शोधत आली, ती थेट त्यांच्याच दारात. नाटक पुढच्या शतकातल्या लढाईचं. त्यात बोलणाऱ्या तोफेचं तोंड तिच्याच माणसांकडं वळवतात आणि ती ठणकावते, "मी गोळा टाकायची न्हाई!"

"तोफेला आधी कुणी इचारलंच न्हाई व्हय गं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

आरोही गोड हसली. तीन दिवस तिनं त्यांचं हसणं, रागावणं, रडणं सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं. निघताना म्हणाली, "मावशी, ती गाडीची हाकपण द्या की. मशीनला तुमचा आवाज नीट शिकू द्या."

दसरा झाला आणि तोडणीच्या भाववाढीसाठी टोळ्यांनी कोयता बंद केला. सुभद्राबाई केजला संपाच्या मांडवात सगळ्यांत पुढं बसल्या. मुकादमानं हातापाया पडून पाहिलं, पण टोळी हलली नाही.

पाचव्या दिवशी त्या कपडे न्यायला गावात आल्या, तर गल्लीतल्या एकूण एक घराला कुलूप. त्यांनी घाबरून शेजारच्या सुनिताला फोन लावला. पलीकडं गाडीची घरघर ऐकू येत होती.



"आगं मावशे, फोनवर तूच तर हाक दिलीस, संप मिटला, बसा गाडीत म्हणून! आमी कडा गाव वलांडलं बी. तू कावून न्हाई आलीस?"