तिसऱ्या शिट्टीचा भात

आमच्या हिपहॉप ग्रुपमधून फुटून परीक्षितने आज एकट्याचा पहिला अल्बम काढला. अर्विंग गावातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये चार वर्षं घसे आम्ही तिघांनी फोडले, पण अल्बमवर लिहिलंय, ‘सबकुछ परीक्षित’. मला नीट चिडायचं होतं, म्हणून मी तो किचनमध्ये मोठ्याने लावला. दुसऱ्याच गाण्यात ड्रमऐवजी आईच्या कुकरच्या शिट्ट्या वाजल्या. त्या मी रेकॉर्ड केल्या होत्या, ग्रुपसाठी. हॉलमधून आई आली आणि सवयीने तिने तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला. गॅसवरचा खरा कुकर अजून एकदाही वाजला नव्हता. “तुझी शिट्टीपण ढापली ‘सबकुछ’वाल्याने,” मी म्हणालो. आईने परीक्षितला फोन करून जेवायला बोलावलं. “कुकर परत लावू?” मी विचारलं. “हात लावू नकोस.” परीक्षित आला, पानावर बसला. “काकू, भात कच्चा आहे.” आईने कुकरच पुढे सरकवला. “सबकुछ तुझंच ना? मग संपव.”