उजवा गुडघा

डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर अरुंधतीबाई उजवा पाय लांब करून बसल्या होत्या. ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. गुडघा बदलता येतो, हेच तेव्हा चिंचवडात कुणाला खरं वाटत नसे.

समोरून सारजाबाई आल्या. चाकणकडच्या. ऑपरेशनच्या वेळी दोघींच्या खाटा शेजारी होत्या. तेव्हा सारजाबाईंना त्यांच्या मुलांनी उचलून आणलं होतं; हाडावर हाड घासून पाय पार वाकले होते. आता काठी काखेत मारून त्या झपाझप येत होत्या.

"बाई, काल मळ्यात जाऊन आले! तुमचं कसं हाय?"

"बरं आहे."

अरुंधतीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची झीज थोडीच होती; उजवा जास्त दुखायचा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "एवढ्याशा झिजेला ऑपरेशन केलं, तर आराम पडेलच असं नाही. थांबा जरा." पण आईचं कण्हणं शरच्चंद्रला ऐकवेना. तो हटूनच बसला. ऑपरेशननंतर महिनाभर कंपनीतून रजा काढून त्याने आईला धरून धरून चालवलं. रोज विचारायचा, "आज कमी आहे ना गं?" त्या मान हलवायच्या. दुखणं होतं तिथंच होतं, उलट आणखी आत गेलं होतं.

आत बोलावणं आलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, एक्स-रे उजेडात धरला.

"सांधा झकास बसलाय. आता दुखत नाही ना?"

सोबत आलेला शरच्चंद्र आईच्या तोंडाकडे बघत होता.

"नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

डॉक्टर हसले. "म्हणजे माझाच अंदाज चुकला म्हणायचा."

शरच्चंद्रला भरून आलं. "डॉक्टर, मग डावाही करून टाकू या ना. तो तरी तिनं का सोसायचा?"

 डॉक्टरांनी एक्स-रेवर डावा गुडघा पाहिला.

"काय बाई? दिवाळीनंतर चालेल?"

अरुंधतीबाईंनी मुलाकडे पाहिलं. तपासायला काढून ठेवलेल्या त्यांच्या चपला तो खाली वाकून पायांशी सरळ लावत होता.

"चालेल," त्या म्हणाल्या.