नवारीची सीट

सीट तीन बोटं उंच झाली होती. मोनिरुल मिस्त्रीने स्टिअरिंगखाली हात घालून दोनदा मोजलं आणि वाईट बातमी सांगायला आलेल्या माणसासारखा तो शकुनकडे बघत राहिला.

गाडी शकुनच्या बाबांची, गुरुदत्त सोमणांची. साठ सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. उद्या सकाळी जुन्या गाड्यांची रॅली होती आणि बालीगंजच्या घराखालच्या या गॅरेजमध्ये महिनाभर सीटा नव्याने मढवणं चाललं होतं. बाबांना आखूडशिंगी बहुदुधी गाय हवी होती. सीटा दिसायला अस्सल हव्यात, रविवारच्या आत हव्यात आणि पेन्शनला भोक पडता कामा नये. विलायतेहून तयार संच मागवायचा तर तेवढ्यात दुसरी गाडी आली असती. मग शकुननेच कंबर कसली. अंगाला लागेल तेवढ्याच भागाला खरं चामडं, तेही तोपसियाच्या बॅगा शिवणाऱ्यांकडचे उरलेले तुकडे. बाजूंना त्याच तांबड्या रंगाचं रेक्झिन. आत काथ्या, त्याखाली बजबजहून लोकलने आणलेलं गोणपाट. आणि सगळ्यांच्या खाली, लोखंडी चौकटीवर, कुजलेल्या रबरी पट्ट्यांच्या जागी माळ्यावरच्या पलंगाची नवार.

चूक तिथेच झाली. डावी सीट मिस्त्रीने विणली, पण चालवणाऱ्याची उजवी सीट शकुनने त्याला विणू दिली नव्हती. नवार विणणं आपल्याला येतं, असं तिचं म्हणणं. लहानपणी दर दिवाळीआधी बाबा पलंग उसवून पुन्हा विणत आणि नवारीचं दुसरं टोक तिला धरायला देत. वर टाकलेलं नाणं उडालं पाहिजे, इतकी नवार ताणायची, हा त्यांचा नियम. गुरुवारी नाणं उडालं तेव्हा तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. पलंगावर माणूस आडवा होतो आणि सीटमध्ये रुततो, एवढी साधी गोष्ट सोमणांच्या मुलीच्या डोक्यात आली नाही.

"आधा घंटा का काम है, दीदी," मिस्त्री म्हणाला. "ढीला कर देंगे. साहब को पता भी नहीं चलेगा."

शकुनने मान डोलावली आणि सहज म्हणून आत बसून बघितलं. तिची उंची पाच फूट. गाडी शिकली तेव्हापासून ती दोन उशा घेऊन बसत आली होती, तरी बॉनेटचं टोक काही दिसायचं नाही. आज दिसलं. पुढचे दोन्ही दिवे दिसले, गॅरेजचा उंबरठा दिसला आणि फाटकाचा तो खांबही दिसला, ज्याला बाबांनी गेल्या महिन्यात गाडी घासली होती. खांब मध्ये आला, असं बाबा म्हणाले होते. त्याच्या आठवडाभर आधी गरियाहाटच्या चौकात लाल दिवा मध्ये आला होता. तेव्हा शकुन शेजारी होती. घरात हा विषय कुणी काढत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. बाबांचा तर सुंभही अजून जळालेला नव्हता.

ती उतरली. सीटला हात लावायचा नाही, चहा घ्या, असं तिने मिस्त्रीला बजावलं.

चार वाजता बाबा खाली आले. सहा फूट उंच, इस्त्रीचा सदरा, नाकावर लांबचा चष्मा, हातात उद्याच्या मार्गाचा कागद. रॅलीत तो कागद वाचून वाट सांगायची, हे शेजारी बसणाऱ्याचं काम. दहाव्या वर्षापासून ते शकुनकडे होतं, म्हणून कागद त्यांनी तिच्या हातात दिला. मग तांबड्या चामड्यावरून हात फिरवला, शिवण नखाने तपासली, रेक्झिन कुठे सुरू होतं ते शोधलं. सापडलं नाही. झकास झालंय, ते म्हणाले, आणि शकुनला फार बरं वाटलं.

मग ते बसायला गेले. मांड्या स्टिअरिंगखाली अडकल्या. कसेबसे आत सरकले, तर डोळ्यांसमोर नेमकी काचेची वरची कड. ते उतरले आणि त्यांनी सीटवर मूठ दाबली.

"पलंगाची नवार?"

"हो."

"नाणं टाकून बघितलंस?"

"उडालं."

बाबांच्या मिशीत हसू आलं आणि गेलं. आजच्या आज सैल होईल का, त्यांनी विचारलं. मिस्त्री तोंड उघडणार तेवढ्यात शकुन पुढे झाली.

"अर्ध्या तासात होईल, बाबा. पण मी करू देणार नाही. उद्या गाडी मी चालवणार. तुम्हाला आता नीट दिसत नाही, आणि तुमच्या शेजारी बसायची मला भीती वाटते."

मिस्त्रीने चहात डोकं घातलं. बाबांनी फाटकाच्या खांबाकडे बघितलं, मग तिच्याकडे. शकुनने नजर खाली घेतली नाही. बोललेलं परत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाबांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला. बॉनेटवर हात ठेवत ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, डावं दार उघडलं आणि आत बसले. मिस्त्रीने विणलेल्या सीटमध्ये ते अलगद रुतले. कागद त्यांनी हातभर लांब धरला, मग आणखी लांब.

"शकुन," ते म्हणाले, "वर पेपरावर माझा जवळचा चष्मा आहे. तेवढा आण."