दुपारची गोळी

मेट्रनबाईंनी पर्समधून गोळ्यांची डबी काढली, दुपारच्या कप्प्यातली गोळी अजून तिथंच आहे हे मुलीला दाखवलं आणि झाकण खटकन बंद केलं.

"तू आत जाऊन ये. मग घेईन."

"आई, जेवल्यावर लगेच घ्यायची असते ती."

"मला शिकवू नकोस. जन्म गेला माझा लोकांना गोळ्या देण्यात."

बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रुबाब तस्साच. हॉस्पिटलात नुसत्या चपलांच्या आवाजाने अख्खा वॉर्ड चिडीचूप व्हायचा. आता वॉर्ड म्हणजे घर आणि पेशंट म्हणजे ही एकुलती एक मुलगी.

दोघी चर्चच्या ऑफिसबाहेर बाकावर बसल्या होत्या. लग्नाआधी फादर दोघांना एकेकटं बोलावून प्रश्न विचारतात, तशी आत सोफ्याच्या दुकानाच्या मालकाची पाळी चालू होती. पन्नाशीचा विधुर, स्वभावाने गरीब, आणि मुख्य म्हणजे मेट्रनबाईंनी स्वतः पसंत केलेला. मुलीला तो चारदा भेटला होता. चारही वेळा बोलल्या त्या मेट्रनबाईच.

मुलीला नवरा नकोच होता. एकदा करून बघितला होता, पुरे झालं होतं. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली रिकामी होती, खिडकी रस्त्याकडे उघडणारी. पहिल्या तारखेपासून राहायला ये, असं मालकीण म्हणाली होती. तिला ती खोली हवी होती. बस्स, एवढंच.

पण मेट्रनबाईंनी मनावर घेतलं होतं. कोर्टातला घटस्फोट चर्चला चालत नाही. दुसरं लग्न लावायचं तर पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं असं आधी ठरावं लागतं, आणि जबरदस्तीचं लग्न चर्च लग्न धरत नाही. तेही बाईंनी ठरवून आणलं. धर्मगुरूंच्या मंडळापुढे ताठ बसून ठणकावून साक्ष दिली. "जबरदस्ती मी केली. पोरगी नाहीच म्हणत होती. मग मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडले, तेव्हा कुठे हो म्हणाली." ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी काही घातली नाही. वर बाहेर येऊन मुलीलाच म्हणाल्या, "बघ बाई, तुझ्यापायी काय काय करावं लागतं मला!" सहा वर्षांचा संसार न झाल्यात जमा झाला.

दार उघडलं. सोफावाला घाम पुसत बाहेर आला.

"सोपं आहे हो. सगळ्याला हो म्हणायचं," तो म्हणाला आणि गाडी दारात आणायला गेला.

मुलगी आत गेली. फादरचा चष्मा एका बाजूला कलला होता. सवयीने तिचे हात शिवशिवले.

"दार लावून घे," फादर म्हणाले. "तुझ्या आईची साक्ष मी वाचली आहे, म्हणून स्पष्टच विचारतो. या वेळी तुला कुणी भाग पाडतंय का?"

तिने मागे वळून पाहिलं. दाराच्या धुरकट काचेपलीकडे बाईंची आकृती दिसत होती.

"नुसतं नाही म्हण, पोरी. लग्न इथंच थांबेल. बाहेर काय सांगायचं ते मी बघतो."

इतकं साधं होतं तर! तिला एकदम रडूच फुटलं. आजवर हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं. तिने डोळे पुसले, खोलीची खिडकी आठवली आणि नाही म्हणायला तोंड उघडलं.

बाहेर काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. काचेपलीकडची आकृती बाकावर कलंडली.

"आई!"

"काही नाही ग, जरा गरगरलं," बाहेरून आवाज आला, चांगला खणखणीत. "चालू दे तुमचं सावकाश."

मुलगी अर्धवट उठली होती ती तशीच उभी राहिली. रडं कुठल्या कुठे गेलं.

"माझ्या मर्जीने करतेय, फादर."

"नक्की?"

"नक्की."

फादरनी दाराकडे पाहिलं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर तेही बाईंच्या वॉर्डात होते. त्यांनी चष्मा सारखा केला, तो पुन्हा कलला, आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

ती बाहेर आली तेव्हा मेट्रनबाई सरळ बसल्या होत्या. डबी तेवढी मुलीने उचलावी म्हणून जमिनीवरच ठेवली होती. मुलीने ती उचलली, गोळी काढून दिली, पाण्याची बाटली उघडून दिली.

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

"शहाणी ग माझी बाय!" बाईंनी गोळी गिळली. "आणि ते खोलीचं खूळ आता डोक्यातून काढ. मी सकाळीच तुझ्या मालकिणीला फोन करून नको म्हणून कळवलंय."

"सकाळीच?"

"मग! मला माहीत होतं ना तू काय म्हणणार ते."

मुलीने बाटलीचं झाकण लावलं, चांगलं घट्ट पिळून. मग आईच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"आई, यापुढे गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. मला तू अजून खूप वर्षं हवी आहेस."

मेट्रनबाईंचे डोळे चटकन भरून आले. असं काही ही मुलगी जन्मात बोलली नव्हती. त्यांनी तिची हनुवटी धरली.

"वेडी कुठली! माझ्यासारखी म्हातारी कशाला ग हवी तुला?"

"पुढच्या साक्षीला," मुलगी म्हणाली आणि डबी आईच्या पर्समध्ये नीट ठेवून दिली.